पार्किंगमधल्या भिंती

साइटवर पोचल्या, की आमच्या बाई आधी तर्जनी आकड्यासारखी आत वळवायच्या आणि कॉलमच्या उभ्या सळयांभोवती रिंगा बांधणाऱ्यांना दाखवायच्या. "रिंगेचं टोक असं, कॉलमच्या पोटात! बाहेर तोंड काढून राह्यलं, त भूकंपाच्या धक्क्यात उकलते."

मी अमरावतीत घरांचे नकाशे काढतो. त्या घरांना हाडं बाई द्यायच्या. भातकुलीकडच्या शेतकरी घरातल्या. इंजिनिअर झाल्या, पण बोली सोडली नाही. पुण्याच्या एका बिल्डरला वाटलं, बाई भांडतायत. त्या त्याला चहा विचारत होत्या.

अकोल्यातला एक फुलांचा व्यापारी चौघा भावांसाठी इमारत बांधणार होता. खाली मोकळं पार्किंग, वर चार बिऱ्हाडं. बाईंनी पार्किंगमध्येही भिंती काढल्या; काँक्रीटच्या, पायापासून थेट गच्चीपर्यंत. टेम्पो वळवायला जागा उरेना, तसा व्यापारी तापला.

"मॅडम, अकोल्यात कायचा भूकंप? इथं त उनानंच माणूस मरते!"

"उनाले कूलर हाय," बाई म्हणाल्या. "याले काय हाय?" आणि नकाशावर सही न करताच उठल्या.

दारात त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना अडवलं. "माही चारी पोरं तिथं रायतीन. तू कावून चालली, मले सांग."

बाईंनी व्यापाऱ्याला अंगणात उभं केलं. दोन्ही खांद्यांवर झेंडूचं एकेक पोतं दिलं. "हे वरचे मजले. भिंतीईनं घट्ट." मग मागून त्याच्या गुडघ्याला हळूच गुडघा लावला. गडी पोत्यांसकट खाली! अंगणभर झेंडू.

"आन् हे तुमचं पार्किंग."

म्हातारी हसता हसता खाली बसली. मग लेकाकडं वळली. "भिंती घाल बाप्पा. टेम्पो रस्त्यावर ठेव."

काम सुरू झालं आणि बाईंचा आजार निघाला. उपचार चालू असतानाही त्या माझ्यासोबत अकोल्याला यायच्या. गच्चीच्या स्लॅबला मात्र जिना चढवेना. तेव्हा चौघा भावांनी त्यांना खुर्चीसकट उचललं.

"अरे, कलू देऊ नका! चौघं सारखे उचला!" बाई इतक्या हसत होत्या, की ओढणी सरकून केस गेलेलं डोकं उघडं पडलं. म्हातारीनं पुढं होऊन ती नीट केली, जशी लेकीची करावी.

वर गेल्यावर त्या उठल्या आणि एकेक रिंग चाचपत फिरल्या. "ही खोला." ती पुन्हा बांधून होईपर्यंत काँक्रीटला हात लावू दिला नाही.

वास्तुशांतीपर्यंत बाई राहिल्या नाहीत. जेवणं चालली होती आणि वरच्या मजल्यावर चारी घरची पोरं धडाधडा उड्या मारत होती.

"अरे, घर हालवता का?" म्हातारी ओरडली.

व्यापारी वाढता वाढता थांबला. भिंतीवर हात टेकून हळूच म्हणाला, "हालवू दे, माय. मॅडमनं पाहून घेतलं हाय."