एक्स्पोर्ट यशस्वी

लिफ्ट बंद ठेवायची वेळ आली की बहुतेक मेकॅनिक दारावर एक पाटी अडकवतात : 'लिफ्ट बंद आहे.' माझ्या मामाला त्या पाटीचा भयंकर राग येतो. "बंद आहे ते लोकांना दिसत नाही का? का बंद आहे ते सांग. कधी सुरू होईल ते सांग. माणसांनी काय बटण दाबून दाबून अंदाज बांधायचा?" त्याच्या स्वतःच्या पाट्या खडूनं लिहिलेल्या असतात आणि त्या वाचायला लोक जिन्यात थांबतात. 'दोर बदलतो आहे. चारला सुरू. जड पिशव्या असतील तर हाक मारा, मी वरच आहे.' एकतीस वर्षं तो हे काम करतो. ज्या इमारतींत त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, तिथंही त्याचं अक्षर ओळखतात.

मामा चिडला की त्याचा आवाज चढत नाही, उतरतो. वाक्यं आखूड होतात. या वर्षी सलग दहा दिवस तो तसा बोलत होता, आणि ज्याच्यावर चिडला होता त्याला कान नव्हते.

मामी पाळणाघर चालवते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, चौदा गाद्या, चौदा कप्प्यांचं कपाट. दुपारी जेवणं झाली की पडदे ओढायचे आणि मामीनं गायचं, असं बावीस वर्षं चाललेलं. गाणी तिची तिनंच रचलेली, सात. सगळी दमलेल्या वस्तूंची.

चप्पल दमली, पट्टा दमला,
दारामागचा खिळा दमला,
नळ म्हणाला, पुरे आता,
थेंब माझा निजला.

प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'आणि दमलं कोण?' असं विचारून ती थांबायची, आणि जे पोर टक्क जागं असेल त्याचं नाव घ्यायची. नाव निघालं की पोर हरलं. पाच मिनिटांत त्याचा अंगठा तोंडात आणि डोळे मिटलेले.

मग मामीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल, पण हाच येईल असं मी सांगत नाही. मामीनं मान हलवली आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोलली, "पोरांना झोपवायचं कुणी?"

म्हणून ऑपरेशनच्या आधी तीन रविवार मामानं तिची सातही गाणी घरी रेकॉर्ड केली. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. मागच्या खोलीत पाळणाघरातल्या गाद्या खिडकीला टेकवल्या, कपाटावर चादरी टांगल्या, फ्रिज बंद केला. मामाला आवाजाच्या यंत्रांचं शिक्षण नाही, पण तार कुठून कुठं जाते हे कळलं की त्याला पुढचं कळतं. जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घातलं, एक माइक आणला, माइक आणि कॉम्प्युटर जोडणारी एक छोटी डबी आणली. मामीला गाताना स्वतःचा गळा नीट ऐकू यावा म्हणून तिचा आवाज त्या डबीतून थेट तिच्या हेडफोनला सोडला. मागून स्वतः माउथ ऑर्गन वाजवला, लाकडी चमच्यानं ताल धरला. 'आणि दमलं कोण?' नंतर मामी थांबायची. नावाची ती जागा तिनं प्रत्येक गाण्यात मोकळी ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, असं बजावलं होतं. मामी पाळणाघरातली पाटी गळ्यात अडकवून घरभर फिरायची आणि त्यावर लिहून टोमणे मारायची. पाळणाघर पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी उघडणार होतं. मामीची मदतनीस ताई सगळं सांभाळणार होती, गाणं सोडून. ताईच्याच शब्दांत, "मी गायले तर झोपलेली उठतील."

सोमवारला दहा दिवस होते, तेव्हा मामा गाण्यांच्या फाइली काढायला बसला. सॉफ्टवेअरमध्ये मामीचा आवाज एका पट्टीवर, माउथ ऑर्गन दुसऱ्या, चमचा तिसऱ्या पट्टीवर असतो. तिन्ही एकत्र करून एक फाइल बाहेर काढायची, म्हणजे ती कुठल्याही स्पीकरवर वाजते. याला एक्स्पोर्ट म्हणतात. मामानं बटण दाबलं, निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकली, आणि खिडकी उघडली : 'एक्स्पोर्ट यशस्वी.'

आम्ही फाइल लावली. माउथ ऑर्गन वाजला, चमचा वाजला. मामी नव्हती.

कडवं आलं, गेलं. 'दमलं कोण'च्या जागी शांतता, आधीही शांतता, नंतरही. मामीनं पाटीवर लिहिलं, 'माझ्याशिवायही बरं वाजवता.'

"थांब गं," मामा म्हणाला.

सॉफ्टवेअरमध्ये वाजवून हेडफोनवर ऐकलं की मामी होती, अगदी श्वासासकट. बाहेर काढलं की गायब. दुसरं गाणं, तेच. सातही गाणी, तेच. आणि सातही वेळा 'यशस्वी'.

"हा खोटं बोलतो," मामा म्हणाला. आवाज उतरला होता.

दुसऱ्या दिवसापासून पत्रव्यवहार सुरू झाला. कंपनीच्या मदत केंद्राला मामा सांगायचा आणि मी टाइप करायचे. मी साहित्याची विद्यार्थिनी, म्हणून हे काम माझ्याकडे. पहिलं उत्तर आलं : कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. तसं केलं. दुसरं : सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. तसंही केलं. तिसरं : फाइलचा दुसरा प्रकार निवडून पाहा. तीन प्रकार निवडले, तिन्हींत माउथ ऑर्गन. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची.

"आपल्या संयमाबद्दल आभार," मी वाचलं.

"कुठला संयम? लिही, संयम ठेवलेला नाही."

"मामा, असं लिहीत नाहीत."

"मग कसं लिहितात? खोटं? त्यांनी लिहिलंय तसं?"

मी लिहिलं, 'आम्ही आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत आहोत.' मामानं माझ्या खांद्यावरून वाचलं. "तू मऊ केलंस," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये माणूस अडकलाय आणि तू दाराला हळूच टकटक करते आहेस." मी ती ओळ खोडली.

मी मोबाइल हेडफोनला चिकटवून एक गाणं रेकॉर्ड करून पाहिलं. मामी बादलीत बसून गात असल्यासारखी वाटली. मामीनं पाटीवर लिहिलं, 'ही बाई कोण?' कॉम्प्युटरच पाळणाघरात नेऊ, असंही ठरत होतं, पण त्याचा पंखा असा गरगरतो की पोरं झोपायच्या ऐवजी खिडकीशी गोळा झाली असती.

सहाव्या दिवशी मामा मला घेऊन एका स्टुडिओवाल्याकडे गेला. बाजारामागच्या गल्लीत, काचेचं दार, भिंतीला काळा स्पंज. स्टुडिओवाल्यानं मामाचं म्हणणं मोबाइलवर बोट फिरवत ऐकलं.

"मशीन किती जुनं आहे?"

"नऊ वर्षं."

"मग काय! टाकून द्या, काका."

"आत वाजतंय ते. बाहेर येत नाही. जुनं म्हणून फक्त बायकोचाच आवाज गाळतंय का?"

स्टुडिओवाला हसला. "एवढं डोकं कशाला खपवता? काकूंना इकडे घेऊन या. सात गाणी ना? पुन्हा गाऊन टाकू दे. तासाभराचं काम."

मला वाटलं, आता मामा सांगेल, ऑपरेशनबद्दल, पाटीबद्दल. त्यानं सांगितलं नाही. त्यानं स्टुडिओवाल्याच्या काचेच्या दाराकडे पाहिलं. ते नीट मिटत नव्हतं, खाली घासत होतं. मामा वाकला, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून बिजागरी पिळली, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि बाहेर पडला.

रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "गाऊन टाकू दे म्हणतो. टाकू दे!" चौकापर्यंत तो तेवढंच म्हणत होता. बावीस वर्षं एक बाई दुपारी दोनला गाते, आणि कुणालातरी ते कचऱ्याच्या पिशवीसारखं टाकण्याजोगं वाटतं.

शनिवारी दुपारी कंपनीचं पत्र आलं. मी उघडून मोठ्यानं वाचलं, आणि वाचायला नको होतं असं लगेच वाटलं. 'आपली तक्रार सोडवण्यात आली असून बंद करण्यात येत आहे.'

"कुणी सोडवली?" मामा म्हणाला.

मी पत्राखाली नाव शोधलं. नव्हतं.

"मी सोडवली नाही. तू सोडवलीस? हिनं सोडवली?" त्यानं मामीकडे बोट केलं. मामी कॉम्प्युटरसमोर हेडफोन लावून बसली होती. सोमवारी ऐकवता येणार नाहीत म्हणून स्वतःची गाणी एकदा ऐकून घेत होती. "आवाज सापडत नाही, आणि हे पाटी लावून मोकळे. बंद आहे! का बंद ते नाही. कधी ते नाही."

तो उठला. "पुरे झालं. काढून टाकतो सगळं."

काम सोडताना मामाची एक रीत आहे. आधी मेन स्विच खाली, मग बाकीचं. मेन पडल्याशिवाय तो कशालाही हात लावत नाही, आणि आत कुणी असेल तर मेनला हात लावत नाही. म्हणूनच इतक्या दिवसांत सॉफ्टवेअरच्या मेनला, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा आवाज एकदम कमीजास्त करणाऱ्या पडद्याच्या कडेच्या मोठ्या दांडीला, त्यानं कधी स्पर्श केला नव्हता. आज केला. गाणं चालू असतानाच, मामीला न विचारता, त्यानं माउसनं ती दांडी तळापर्यंत ओढली.

मामीनं हेडफोन काढला नाही. तिनं हात वर केला. मग खडू उचलून लिहिलं :

'माउथ ऑर्गन गेला. मी आहे.'

मामानं पाटी दोनदा वाचली. हेडफोनची एक बाजू तिच्या कानावरून ओढून आपल्या कानाला लावली. दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली.

"बेलची लाइन," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

तो स्टुलावर बसला. "लिफ्टच्या आत धोक्याची बेल असते. तिला मेनवरून लाइन देत नाहीत. वेगळी देतात. इमारतीची वीज गेली, सगळं बंद पडलं, तरी आतल्या माणसाची बेल वाजली पाहिजे." त्यानं पडद्यावरच्या मामीच्या पट्टीकडे पाहिलं. "मी हिचा आवाज थेट हेडफोनला दिला होता. नंतर मेनला जोडायचा विसरलो असं नाही, मी मुद्दामच जोडला नाही. म्हटलं, मशीन जुनं आहे, काही झालं तरी हिचा आवाज बंद पडायला नको."

सॉफ्टवेअर फाइल काढताना मेनवरून जाणाऱ्या गोष्टीच घेतं. मामी मेनवर नव्हतीच. हेडफोनमध्ये दोन्ही लाइनी मिसळत, म्हणून आम्हाला ती ऐकू येत राहिली. सगळ्यांत जपून ठेवलेली वस्तूच तेवढी बाहेर राहिली होती.

त्यानं मामीच्या पट्टीवरची एक ओळ बदलली. तिचा आवाज मेनवर आणला. बटण दाबलं. निळी रेघ सरकली. 'एक्स्पोर्ट यशस्वी.' फाइल लावली, आणि चप्पल दमली, पट्टा दमला. मामी स्वयंपाकघरात निघून गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आम्ही तिच्या मागे गेलो नाही.

मामा दोन मिनिटं शरमलेला होता. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण तीन नक्की झाली नाहीत.

"चूक माझी," तो म्हणाला. "लिही. पहिलं वाक्य तेच लिही. माझी चूक होती, मी वेगळी लाइन दिली. आता पुढचं लिही. लिफ्टचं दार बोटभर उघडं राहिलं तर लिफ्ट हलत नाही. ती रिकामी वर जाऊन 'पोचले' म्हणत नाही. तुमच्या यंत्राला दिसत होतं, एका पट्टीवर आवाज आहे आणि तो फाइलमध्ये जात नाही. एक ओळ सांगता आली असती : ही पट्टी मेनवर नाही. ती सांगितली नाही. वर यशस्वी म्हणालात. सातदा. आणि तुमच्या माणसांनी एकदाही विचारलं नाही, की तिचा आवाज जातो कुठं. बंद केलेली तक्रार उघडा. मला उत्तर नको. पुढच्याला ती ओळ दिसू दे."

"आणि शेवटी? आपल्या संयमाबद्दल आभार?"

"नको," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आपला, लिफ्ट मेकॅनिक. एवढंच."

या वेळी मी एकही शब्द मऊ केला नाही.

सोमवारी दुपारी पडदे ओढले. ताईनं कपाटावर छोटा स्पीकर ठेवला. मामा कामावरून अर्धा तास पळून आला होता, ग्रीसच्या हातांनी दाराबाहेर उभा. मामी त्याच्या शेजारी, गळ्याला रुमाल, पाटी छातीशी. आत जायचं नाही असं तिनंच ठरवलं होतं. ती दिसली तर पोरं बोलायला लावतील.

गाणं सुरू झालं. गाद्यांवरची कुजबुज एकदम थांबली. थेंब निजला. 'आणि दमलं कोण?' स्पीकर शांत झाला.

ताई चटकन कपाटाकडे वळली. मामानं दारातून हात केला. "हात लावू नकोस. तिथं तसंच आहे."

खोलीत कुणी हललं नाही. मग भिंतीकडच्या गादीवरून एका मुलीनं स्वतःचं नाव सांगितलं. बारीक आवाजात, हजेरी दिल्यासारखं. दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरं नाव आलं. मग तिसरं, चौथं, आणि बघता बघता चौदाच्या चौदा पोरं गाद्यांवर बसून आपापली नावं ओरडायला लागली. माउथ ऑर्गन त्या गोंगाटात बुडून गेला.

"घ्या!" मामा दबक्या आवाजात म्हणाला. "दहा दिवस मरमर केली. आणि ही पोरं उठून बसली!"

मामी भिंतीला टेकून हसत होती. आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते. तिनं पाटीवर काहीतरी लिहिलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं.

'अजून सहा आहेत. थांबा.'

मामा थांबला. चौथ्या गाण्याला शेवटचं पोर आडवं झालं.