आमचे वंशावळवाले भाऊजी

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात जिवंतांपेक्षा मेलेल्यांची जास्त विचारपूस करणारा माणूस एकच, आणि तो नेमका आपल्या घरात निघाला. तुमच्या आजोबांचे हे धाकटे चुलतभाऊ, माझे भाऊजी, शाळेतून निवृत्त झाल्यापासून घराण्याची वंशावळ लिहितात. जुन्या वंशावळीत नुसते पुरुष. वाचणाऱ्याला वाटावं, आपल्याकडे मुलगे थेट बापाच्या पोटी जन्मतात. भाऊजींनी ठरवलं, बायका घ्यायच्या, आणि माहेरच्या नावासकट. जानेफळच्या एका लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळांवर नवरीचं नवं नाव लिहायला वाकला, तर हे वही घेऊन पुढे. "थांब बे, जुनं नाव आधी लिहून घेऊ दे मले." या दोन-दोन नावांनी एकदा घोटाळाही केला. माहेरची सखू आणि सासरची गोदावरी या दोन बाया समजून त्यांनी आपल्या पणजोबांना दोन बायका लावून दिल्या. चूक कळल्यावर घरोघर जाऊन त्यांना पणजोबांची अब्रू परत करावी लागली.

खरी दुसरी बायको निघाली ती भाऊजींच्या आजोबांची. इंग्रजांच्या वेळच्या नोंदवहीत कारकुनानं तिच्यापुढे सरळ 'ठेवलेली' लिहिलं होतं. खरं तर आजोबांनी तिच्याशी पाट लावला होता, म्हणजे विधवेशी रीतसर लग्न. फक्त घरात कधी आणलं नाही. पुतण्या म्हणाला, "कशाले उकरून राह्यले, काका?" भाऊजी महिनाभर साऱ्यांशी भांडले आणि जिंकले. मग एका सकाळी पडेल चेहऱ्यानं माझ्याकडे आले. "वहिनी, तिच्या माणसाईले तं विचारलंच नाही."

आम्ही सुलतानपूरला गेलो. तिची नात, आता स्वतःच आजी झालेली, ओट्यावर मेथी निवडत होती.

"अक्का, आजीचं नाव आमच्या वंशावळीत लिहू का? लग्नाची बायको म्हणून, मानानं."

"जित्तेपणी उंबऱ्याच्या आत घेतलं का तिले?"

"नाही."

"मंग आता कागदात काऊन घेता? तिनं आमचं घर उभं केलं. आमच्यातच राहू द्या तिले. चहा पेता का?"

भाऊजींनी पेनाला टोपण लावलं. निघताना अक्कांनी त्यांच्या हातात मेथीची जुडी दिली. "बहिणीच्या घरची हाय. नाही म्हनू नका." घर येईपर्यंत त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

वंशावळीची प्रत तुम्हाला पाठवते आहे. भाऊजींच्या आजोबांशेजारी एक चौकट रिकामी दिसेल. नाव भाऊजींना ठाऊक आहे, मलाही. विचारू नका.