कुंडीचं वजन

औषधांच्या कारखान्यात पावडरी मोजून देणाऱ्या या माणसाला सगळे ग्रॅमकाका म्हणत. बत्तीस वर्षं काट्यासमोर काढल्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. "काका, साखर आठ ग्रॅमच घातलीय हं," असं कॅन्टीनवाला चहा देताना रोज म्हणायचा, आणि काका रोज नव्यानं हसायचे.

घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत इतर कुंड्यांबरोबर त्यांची एकपानीची कुंडी होती. हे झाड फारसं कुणाला ठाऊक नाही. मातीत सुपारीएवढा कंद असतो. हवा दमट झाली की आधी फुलाचा दांडा वर येतो. फूल दोन-तीन दिवसांचं. ते गेल्यावर एकच पान उघडतं. पान पिवळं पडलं की पाणी बंद करायचं, मग कितीतरी महिने कुंडी रिकामीच दिसते. कंद झोपलेला असतो. त्या झोपेत पाणी मुरलं, की कुजलाच.

कारखान्याच्या माळीबुवांनी चार कंद दिले होते, सोबत आपल्याच कुंडीतली मूठभर माती. "ही माती टाकू नका. हिच्यावाचून तो जगत नाही," असं बजावून. माळीबुवा आता राहिले नव्हते. तीन कंद काकांनीच घालवले होते. जिवंत आहे की नाही या काळजीनं उकरून पाहिलं आणि कोंब मोडले. चौथा शेवटचा. म्हणून आता उकरायचं नाही, रोज सकाळी कुंडी फक्त काट्यावर ठेवायची. दिवसाला एक-दोन ग्रॅम घट, म्हणजे माती सुकतेय, म्हणजे सगळं ठीक.

एका सोमवारी मात्र कुंडी साठ ग्रॅमनं वाढली.

काकांनी कुंडी खाली उतरवली. काटा पुसून त्यांनी पुन्हा वजन केलं. साठच. मंगळवारी आणखी चाळीस. वरच्या मजल्यावर जाऊन नळ गळतो का विचारून आले, तावदानाच्या फटी बुजवल्या. वजन चढतच गेलं. कारखान्यात त्यांनी एकच पुडी तीनदा मोजली.

रविवारी सुट्टी होती. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आठवड्यापूर्वी राहायला आलेली थोरली बहीण, अक्का, हातात पेला घेऊन भिंत चाचपत खिडकीशी गेली. एकेका कुंडीतल्या वरच्या मातीला तिनं बोट टेकवलं. एकपानीपाशी थांबली. "अगं बाई, हिचा घसा पुन्हा कोरडा!"

"अक्का, थांब! ओतू नकोस!"

"केवढ्यानं ओरडतोस मेल्या! काय झालं?"

"तो झोपलाय. झोपेत पाणी चालत नाही त्याला."

"झोपलेल्याला पाणी पाजू नये, हे मला शिकवतोस? तुला वाढवलंय मी! आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"तुला वाटलं असतं, आली नाही तोच नियम सुरू झाले."

"ते आता वाटतंय." अक्कानं पेला खाली ठेवला. "मेला का रे तो?"

"उकरल्याशिवाय कळणार नाही. आणि माझ्या हातानं तीन गेलेत."

"तू बघायला जातोस म्हणून मोडतं. मला तसंही दिसत नाही. सरक."

तिनं एका बोटानं माती बाजूला करायला सुरुवात केली. काकांनी कुंडी धरून ठेवली.

"लागला. कडक आहे..." तिनं बोट कंदाभोवती फिरवलं. "एका अंगाला पिचपिचीत लागतोय रे."

"आणि कोंब?"

"बारीकसं टोक आहे. पण ते कोंबाचं की कशाचं, मी नाही सांगणार."

काकांनी कुजकं अंग ब्लेडनं कापलं, कापल्या जागी कोळशाची पूड लावली. जुनी माती कागदावर पसरून थोडी सुकवली आणि तिच्यातच कंद पुन्हा निजवला.

तेव्हापासून रोज सकाळी अक्का अंथरुणातूनच विचारी, "किती?"

"दोन ग्रॅम कमी."

तीन आठवड्यांनी आकडा हलेनासा झाला.

"आज?"

"कालच्याएवढंच."

"हे चांगलं की वाईट?"

काकांनी काट्याकडे पुन्हा पाहिलं. "माती पुरती सुकली, एवढंच कळतं. आतलं नाही कळत, अक्का."

अक्का उठून खिडकीशी आली. शिक्षा झालेल्या मुलीसारखे दोन्ही हात पाठीमागे धरून ती कुंडीसमोर उभी राहिली. हवा दमट व्हायला अजून दोन महिने होते.