पोटदुखीचा केसपेपर

बाळंतपणाला पाच महिने झाले तरी बायकोला झोप नव्हती. चुलीवरचं दूध उतू जायचं आणि ती नुसती बघत बसायची. पोर रडलं तरी तिच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. आईनं सोनईच्या देवऋष्याकडून लिंबू मंतरून आणलं, तेव्हा मी, शास्त्र शिकवणारा मास्तर, तुच्छतेनं हसलो. अडाणी लोक! माझ्या अंगात शास्त्र फार. नगरच्या एसटी स्टँडपर्यंत पुरेल एवढं.

नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून मनाचा डॉक्टर येतो, केसपेपरला चार आणे, गोळ्या फुकट, हे शाळेच्या शिपायानं सांगितलं. गेलो. पण खिडकीतला कंपाउंडर 'काय होतंय?' असं खड्या आवाजात विचारी आणि उत्तर त्याहून खड्या आवाजात म्हणत लिहून घेई. रांगेत आमच्या गावचे तिघं. मी म्हणालो, "हिचं पोट दुखतं."

तीन गुरुवार तिनं गुलाबी औषध घेतलं. तीन गुरुवार समोरच्या खोलीत मनाचा डॉक्टर पेपर वाचत बसला होता. आमच्याकडच्या अब्रूदार मंडळींना मन नव्हतंच. सगळ्यांना पोटं होती. सगळ्यात मोठं माझं.

चौथ्या गुरुवारी मी तोंड उघडायच्या आत ती खिडकीशी गेली.

"पोट ह्यांचं दुखत असेल. मला झोप नाही. पोराला उचलावंसं वाटत नाही. विहिरीवर एकटीनं जायची भीती वाटते."

"झोप नाही. विहिरीची भीती," कंपाउंडर सवयीनं ओरडला. मी भिंतीवरची देवीच्या लशीची पाटी वाचायला लागलो. तिसऱ्यांदा.

मागची लुगड्यातली बाई पुढं सरकली. "बाई, मला बी लई दिस आसंच हुतंय. त्यो डाक्टर कुठशी बसतो?"

"समोरच. चला."

पोर माझ्या हातात कोंबून बायको त्या बाईबरोबर आत गेली.

"गुरुजी, पोटदुखी खोडू का?" कंपाउंडरनं विचारलं.

"खोडा," मी म्हणालो. इतक्या हळू की त्याला ते पुन्हा विचारावं लागलं.

गोळ्यांना गुण यायला दोन-अडीच महिने गेले. एका सकाळी पेपर वाचताना मला चुलीवरचं दूध वर येताना दिसलं. मी बघत होतो. ती परसातून धावत आली, पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "अहो, डोळे आहेत ना? नुसतं बघत काय बसलाय?"