दिव्यांच्या बदल्यात घेतलेलं पिंप

"ते दिवे म्या नाही नेले, बाई," म्हातारा ड्रायव्हर सगळ्यांसमोर म्हणाला. मी खाली पाहिलं.

आमच्या रामदासपेठेतल्या शेडमध्ये आजेसासऱ्यांनी घेतलेली मोटार आहे, शंभर वर्षांहून जुनी. माझा मुलगा ती पुन्हा पहिल्यासारखी करून घेत होता. पुढचे दोन पितळी दिवे कसे होते, हे सांगायला त्याने या ड्रायव्हरला त्याच्या गावाहून, कुहीहून आणलं. याच दिव्यांच्या चोरीचा आळ घालून सासऱ्यांनी त्याला कामावरून काढलं होतं.

दिवे मी दिले होते. जुनं पितळ घेऊन स्टीलची भांडी देणारी बाई दारात आली होती. ही मोटार तेव्हा बंद पडलेली, ड्रायव्हर दुसरी गाडी चालवायचा; दिवे काळे झालेले. मी ते पान्याने काढले आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ ठेवायचं स्टीलचं पिंप घेतलं. घरात सांगितलं, माहेरून आलं. ड्रायव्हरला काढलं तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

"दिवे मीच मोडीत दिले," मी आता म्हणाले.

"मले ठाऊक हाय. पिंप म्याच उचलून आत ठेवलं होतं."

"मग तेव्हा काहून नाही बोलले?"

"घरच्या सुनेचं नाव घेतलं असतं, तं कोणी मानलं असतं?"

पिंप अजून स्वयंपाकघरात आहे. सासरे गेले, नवराही गेला. त्या दिवसांतले आता दोघंच जिवंत आहोत, हा ड्रायव्हर आणि मी.