चपलांची खूण

ज्यांना हसू आवरत नाही त्यांनी चहा आधी खाली ठेवावा. परवा हाच किस्सा सांगताना शेजारच्या बळीरामअण्णांना ऐन घोटात ठसका लागला. आमच्या सतरंजीवर अजून डाग आहे.

तर मी हरवलो होतो. कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसलो, माझ्या हातून एक कागद गहाळ झाला नाही. आणि शेवटी मीच गहाळ झालो! तेही आखाडा बाळापूरच्या बाजारात नव्हे, स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला. भर सकाळी. आंघोळ करून!

लेक सुनंदा आणि जावई प्रकाशराव तिकडेच असतात. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्यानं घेतली. म्हणजे आत शेगडी, पलंग, पडदे, सगळं. फक्त घराला चाकं. समुद्राच्या कडेनं हिंडायचं आणि संध्याकाळी अशा गाड्यांच्या तळावर मुक्काम करायचा.

निघण्याआधीच आमच्या हिनं मला बाजूला घेतलं.

"हे बघा, जावईबापूंसमोर हसं करून घेऊ नका. आठ दिवस नीट वागा."

"अन् न्हाई वागलो तर?"

"तर परतीच्या विमानात मी तुमच्याजवळ बसणार न्हाई. बराबर सांगून राहिले!"

धमकी साधी नव्हती. विमान उडताना माझ्या पोटात जो गोंधळ होतो, तो तिचा हात धरल्याशिवाय थांबत नाही. (हे आपल्यातच ठेवा.) मी शब्द दिला.

तिकडचा पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. सुनंदा धुक्याकडं बोट दाखवून म्हणायची, "बाबा, तिथं बेटं आहेत बरं का!" मी मान डोलवायचो. साहेबांनी 'फाईल आहे' म्हटलं की ती असतेच, हे नोकरीनं शिकवलंय. मधेच दहा मिनिटं उघडायचं आणि समोर काळे कडे, खाली हिरवंगार पाणी, कड्यांवर ज्वारीच्या लाह्या उधळाव्यात तसे पांढरे पक्षी! ही लेकरासारखी टाळ्या वाजवायची.

पहिल्याच दिवशी हिनं कायदा केला होता. ज्या घरात चूल आहे, त्या घरात पायताण घालून यायचं नाही. प्रकाशरावांनीही निमूटपणे बूट पायरीखाली काढले. मला हे सोयीचं पडलं. तळावर सगळ्या गाड्या पांढऱ्या, एकीसारखी दुसरी. पण दारात हिच्या, बाळापूरच्या बाजारातल्या जांभळ्या रबरी चपला असलेली गाडी अख्ख्या देशात एकच. एवढा पक्का पुरावा तर वारसाच्या अर्जालाही कुणी जोडत नाही!

सात दिवस निर्विघ्न गेले. आठव्या सकाळी मी तळावरच्या न्हाणीघरात गेलो. पाणी असं कढत की बाहेर यायला मन होईना. इकडं हिनं कांदाभजी तळली आणि शेजारच्या गाडीतल्या म्हातारीला ताटलीभर नेऊन दिली. अर्थातच चपला त्यांच्या दाराबाहेर काढून! परत येताना ही चिखलातून अनवाणी जाणार असं त्या माउलीला वाटलं. तिनं आपले गुडघ्यापर्यंतचे जुने बूट हिच्या पायात घातले आणि ठेवूनच घ्या असं खुणेनं सांगितलं. ही त्या थाटात आपल्या गाडीत आली. चपला तिथंच राहिल्या. हे मला नंतर कळलं.

मी आलो. चष्म्यावर वाफ, डोक्यावर टॉवेल. जांभळ्या चपला दिसल्या. शेजारी माझ्या काढल्या, आत शिरलो. कुणी नव्हतं. टेबलावर झाकलेली भजी होती. एक चाखलं. तीच चव, तोच ओवा! आता शंका कशाला? सगळी खाल्ली, मागच्या पलंगावर गेलो, पडदा ओढला आणि पांघरूण घेतलं.

त्या गाडीतले म्हातारा-म्हातारी तळाच्या मालकाचा निरोप घेऊन आले, पावसात पळतच पुढच्या दारांनी चढले, आणि गाडी निघाली. मला वाटलं, प्रकाशराव निघाले.

मी पडद्याआडून म्हणालो, "जावईबापू, एक सांगू का? तुमच्या सासूबाई म्हणत होत्या, मी तुमच्यासमोर हसं करून घेणार. आज आठवा दिवस! झालं का काही?"

गाडीला असा ब्रेक लागला की मी पांघरुणासकट खाली आलो.

पडदा सर्रकन सरकला. समोर पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तो ओरडला. मग मीही ओरडलो. त्यानं एकट्यानंच ओरडणं बरं दिसलं नसतं. इंग्रजीत काहीतरी बोलणं भाग होतं. जन्मभर सरकारी पत्रं लिहिलेला माणूस, तोंडातून निघालं, "आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट दॅट…" पुढं काय स्टेट करणार, कपाळ?

म्हातारीनं रिकामी ताटली पाहिली, मला पाहिलं, पुन्हा ताटली पाहिली. माझी ओळख पटली.

इकडं तळावर प्रकाशराव न्हाणीघराचं एकेक दार ठोठावत होते, "मामा! ओ मामा!" सुनंदा रडायच्या बेतात. हिनं मात्र शेजारच्या रिकाम्या जागेत जांभळ्या चपलांशेजारी माझ्या चपला पाहिल्या आणि निकाल दिला, "रडून काहून राहिलीस? तुझे बाबा भज्यांमागं गेले."

म्हाताऱ्यानं गाडी वळवून मला तळावर परत आणलं. मी अनवाणी उतरलो. एरवी प्रकाशराव हसताना दातसुद्धा दाखवत नाहीत. त्या दिवशी ते पोट धरून चिखलात बसले.

"झालं का हसं?" हिनं विचारलं.

मी वाकून पायाचा चिखल पुसू लागलो.

हिनं दुसरा घाणा काढला. सगळे पोटभर जेवले. निघताना त्या म्हाताऱ्यानं आधी मागचा पडदा सारून पलंग तपासला. मी बाहेर उभा राहून हात हलवत होतो, तरीही!

परतीच्या विमानात मी एकटाच पट्टा आवळून बसलो. तेवढ्यात ही येऊन शेजारी टेकली, हात हातात घेतला. मला भरूनच आलं.

"शब्द मागं घेतलास ना?"

"मी काहून घेऊ? मी पाहरा द्यायला आले." तिनं मांडीवरची पिशवी उघडून दाखवली. आत माझ्या चपला होत्या. "आता न्हाणीघरात जायचं असलं तर मला सांगा. मी दारात आणून ठेवते, म्हणजे कुठं शिरलात ते तरी कळंल."