सिस्टरनी अडवलेला ओटीपी

"साहेब, ओटीपी आला का?"

"नाही."

"आता?"

"अहो मॅडम, नाही म्हटलं ना!"

चार वाजून गेले होते. लॉकडाउनमुळे ऑफिसात आम्ही दोघंच. पाचला सिस्टिम बंद होणार होती. तोपर्यंत बिल गेलं नाही, तर अनुदान परत जाणार आणि कोविड सेंटरच्या अकरा कंत्राटी माणसांचा तीन महिने थकलेला पगार लटकणार.

सरकारी पैसा सुटतो कसा, ते सांगते. बिल मी कॉम्प्युटरवर बनवते. साहेब ते मंजूर करतात. मग ते ट्रेझरीत जातं आणि पैसे खात्यात पडतात. मंजुरीला साहेबांच्या मोबाइलवर सहा आकडे येतात, तो ओटीपी. ही भानगड तेव्हा नुकतीच सुरू झाली होती.

स्क्रीनवर बघितलं, तर साहेबांच्या नावापुढे नंबर भलताच. साहेब खाकरले.

"तो म्हात्रेचा. कटकट नको म्हणून ड्रायव्हरचा दिला. तो कायम माझ्याबरोबरच असतो ना!"

म्हात्रे मागच्या महिन्यापासून ॲम्ब्युलन्सच्या ड्युटीवर गेला होता आणि पॉझिटिव्ह होऊन काशीदजवळच्या त्याच सेंटरमध्ये पडला होता. मी कपाळाला हात लावला.

म्हात्रेला फोन लावला, तो सेंटरमधल्या गायकवाड सिस्टरनी उचलला. "काका वाफ घेतायत. कोण?"

मी ऑफिसचं नाव सांगितलं. "सिस्टर, काकांच्या फोनवर ओटीपी आलाय, वाचा ना पटकन."

"वा! लॉटरी लागली वाटतं काकांना?"

"अहो, तुमच्याच पगाराचा आहे!"

"सगळे चोर असंच सांगतात. ऑफिसातल्या असाल तर मागच्या महिन्यात माझे किती दिवस भरलेत, सांगा."

मी वाचलं, "एकोणतीस. एक दिवस गैरहजर."

"गैरहजर?" सिस्टरांचा आवाज असा चढला की साहेबांनीही मान वर केली. "पेशंटला घेऊन अलिबागला गेले होते मी! मस्टरवर सही करायला उडत येऊ का?"

मागून म्हात्रे ओरडला, "खरा हाय! गाडी मीच चालवत व्हतो!"

"आधी दिवस जोडा. मग आकडे."

"हे ब्लॅकमेल आहे!" साहेब म्हणाले. पण ॲम्ब्युलन्सचं लॉगबुक उघडलं, तर नोंद होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्चीत बसून, कोणाला न विचारता, तो दिवस मीच कापला होता.

बिल मागे घेतलं, दिवस जोडला, नवा ओटीपी मागवला. सिस्टरनी तो दोनदा वाचला. पाचला चार मिनिटं असताना बिल गेलं.

बाकीच्या दहा जणांनी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी लॉगबुक घेऊन बसले. आणखी चौघांचे दिवस मी कापलेले निघाले. पुढचं अनुदान आल्यावर त्यांचं पुरवणी बिल काढलं. त्याचा ओटीपी मात्र साहेबांच्याच मोबाइलवर आला.

तेव्हापासून मस्टरवर सही दिसली नाही, की कापायच्या आधी मी त्या माणसाला फोन लावते.